मधला तुकडा

२०२४ साली नरकचतुर्दशी बरोबर ३१ ऑक्टोबरला आली. दिवाळीच्या सुटीला साठलेली रजा जोडून मी त्या वेळी न्यू जर्सीत थोरल्या भावाकडे गेलो होतो. पहाटे वहिनींनी उटणे कालवून ठेवले. कारिट त्या गावी मिळणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी बोराएवढा एक टोमॅटो उंबऱ्याशी ठेवला, आणि डोकी पिकू लागलेल्या आम्ही दोघा भावांनी तो डाव्या अंगठ्याखाली चिरडून नरकासुराचा वध केला. त्याच दिवशी संध्याकाळी त्याच उंबऱ्यावर आळीतले सारे राक्षस, वेताळ आणि हडळी हातांत पिशव्या घेऊन उभे राहिले, आणि वहिनी त्यांना मूठमूठ चॉकलेटे वाटू लागल्या.

यावरून पूर्व आणि पश्चिम यांवर प्रवचन झोडण्याचा मोह मी आवरला. गोव्यात पोरे कितीतरी दिवस राबून नरकासुराचा पुतळा उभा करतात, रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळून टाकतात. पहाटे ज्याला जाळायचे त्याच्या मिशीला तासन्‌तास पीळ देत बसणाऱ्या पोराला त्या राक्षसाविषयी नुसता द्वेष वाटत असेल, हे मला पटत नाही. तेव्हा राक्षसाशी सलगी ही काही अमेरिकेची मिरास नव्हे.

मला लिहायचे आहे ते त्या महिन्यात पाहिलेल्या चित्रपटांविषयी. हॅलोविनचा सण जवळ आला की तिकडे जुने भयपट पाहण्याची रीत आहे. माझ्या चौदा वर्षांच्या पुतण्याने महिन्याच्या एकतीस रात्रींसाठी एकतीस चित्रपटांची यादीच केली होती, आणि काकाला इंग्रजी फार भराभर कळत नाही म्हणून जुने, सावकाश बोलणारे चित्रपट त्याने माझ्यासाठी मागे ठेवले होते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आजच्या भाषेत दहावीपर्यंतचे. पुढे चित्रकलेची परीक्षा देऊन मी शाळेत चित्रकला शिकवू लागलो, आणि रात्री कादंबऱ्या लिहू लागलो. भयपटांशी माझी ओळख म्हणजे लहानपणी तालुक्याच्या गावी व्हिडिओवर चोरून पाहिलेला ‘पुराना मंदिर’, आणि ग्रंथालयातून आणलेली नारायण धारपांची पुस्तके. एवढ्या भांडवलावर कोणी समीक्षा लिहू नये हे मला कळते. तरीही लिहितो आहे, कारण त्यांतल्या एका चित्रपटाने माझी एक जुनी चूक माझ्यापुढे आणून ठेवली.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हॅलोविनशी ज्यांची आता कायमची गाठ बांधली गेली आहे, ते चित्रपट मुळात त्या सणासाठी केलेले नव्हते. ‘ड्रॅक्युला’ १९३१ च्या फेब्रुवारीत आला, ‘फ्रॅंकेन्स्टाइन’ त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, ‘किंग कॉंग’ १९३३ च्या मार्चमध्ये, ‘द वुल्फ मॅन’ १९४१ च्या डिसेंबरात. लोक तिकीट काढून भ्यायला जात, आणि घरी येत. गाठ पडली ती पुढे, दूरदर्शन घराघरांत आल्यावर. १९५७ च्या ऑक्टोबरात युनिव्हर्सल कंपनीच्या बावन्न जुन्या चित्रपटांचा एक गठ्ठा ‘शॉक’ या नावाने तिथल्या दूरदर्शन केंद्रांना मिळाला. गावोगावच्या केंद्रांनी रात्री उशिराची वेळ दिली, आणि चेहरा पांढरा फासलेला, शवपेटीतून उठून विनोद करणारा एखादा सूत्रधार पुढे बसवला. ज्या पोरांनी मोठ्यांचा डोळा चुकवून ते पाहिले, त्यांनी आपल्या पोरांना दाखवले, आणि त्यांच्या पोरांनी माझ्यासारख्या परक्याला. सण असे वाढतात. मला त्यात काही वावगे दिसत नाही.

पण सण कलाकृतीला सांभाळतो तसा तिला थोडा चेपतोही. रोज एक या हिशेबाने पाहू लागलो की ड्रॅक्युला, ममी, लांडगामाणूस, तळ्यातला खवलेवाला प्राणी हे सगळे एका कुळातले, गणगोतासारखे वाटू लागतात. वास्तविक कंपनीने स्वतःच हे गणगोत जमवले होते. १९४३ साली तिने फ्रॅंकेन्स्टाइनच्या राक्षसाची लांडगामाणसाशी गाठ घालून दिली, आणि १९४८ साली दोघांनाही दोन विदूषकांच्या हवाली केले. हसू येते, पण ज्या भीतीने आपण पहिल्यांदा पडद्याकडे पाहिले होते तिची आठवणही बुजते. म्हणून यादीतून एकेकाला बाहेर काढून पाहावे लागते.

‘ड्रॅक्युला’ने माझी निराशा केली, हे सांगून टाकतो. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे अपूर्व आहेत. पडका वाडा, जिन्यावर मेणबत्ती धरून उभा असलेला बेला ल्युगोसी, आणि भोवती पसरलेली शांतता. चित्रपटाला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे माणसाच्या श्वासाचाही धाक वाटतो. पण कथा लंडनला पोचली की सारे दिवाणखान्यात येऊन बसतात आणि बोलत राहतात. नाटक जसेच्या तसे उचलल्याचा हा दोष. ल्युगोसी मात्र त्यातही आपला तोल सोडत नाही. शब्दाशब्दामध्ये तो इतका थांबतो की पुढचा शब्द येईपर्यंत आपणच हवालदिल होतो.

‘किंग कॉंग’विषयी एकच गोष्ट सांगण्याजोगी. तो महाकाय वानर म्हणजे हातभर उंचीचा, सशाच्या कातड्याने मढवलेला बाहुला. एकेक चौकटीला त्याचे हातपाय रेसभर हलवून विलिस ओब्रायनने तो चालवला. हलवताना बोटे लागत, त्यामुळे पडद्यावर त्याचे केस सारखे थरथरतात. हा दोषच. पण वारा नसताना थरथरणारे ते केस पाहून मला वाटले, हा जिवंत आहे आणि घाबरलेला आहे. दोषातूनही कधी कधी कलेला असे दान मिळते. ‘द वुल्फ मॅन’ लिहिणारा कर्ट सिओडमॅक हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेला ज्यू. लांडगा झालेल्या माणसाला आपल्या पुढच्या बळीच्या तळहातावर तारा दिसतो, ही कल्पना त्या चित्रपटात येते, तेव्हा ती नुसती भुताची गोष्ट राहत नाही. बाकीच्यांविषयी लिहिण्यासारखे माझ्याजवळ फार नाही.

‘फ्रॅंकेन्स्टाइन’ मात्र मी तीन वेळा पाहिला.

मेरी शेलीची कादंबरी १८१८ सालची. जेम्स व्हेलचा चित्रपट तिच्यावरून बेतलेला असला तरी तो तिच्याशी फारसा प्रामाणिक नाही. कादंबरीतला प्राणी बोलतो, वाचतो, वाद घालतो; व्हेलच्या पहिल्या चित्रपटातला नुसता घशातून आवाज काढतो. आपल्याकडे या प्राण्याला नावही सापडत नाही. राक्षस म्हणावे, तर राक्षसाला कुळ असते, वर मिळालेला असतो, गर्व असतो. भूत म्हणावे, तर भूत कधीतरी कोणीतरी असते. पुराणांत कृत्या आहे, मंत्राने निर्माण केलेली, जी उलटली तर करणाऱ्याच्याच जिवावर उठते. हे थोडे जवळचे. पण मला का निर्माण केलेस, असे कृत्येने विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. या प्राण्याच्या चेहऱ्यावर सबंध चित्रपटभर तोच एक प्रश्न आहे.

तो चेहरा जॅक पिअर्सने घडवला. शस्त्रवैद्याने डब्याचे झाकण उघडावे तशी कवटी उघडून मेंदू आत ठेवला असेल, म्हणून त्याने डोके वर सपाट केले. पापण्यांवर मेणाचे थर दिले, म्हणजे नजर जड, अर्धवट जागी दिसावी. बोरिस कार्लॉफने आपला कृत्रिम दात काढून ठेवून गाल आत ओढला. कार्लॉफ त्या वेळी त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांचा, म्हणजे आज मी आहे त्या वयाचा होता. कितीतरी चित्रपटांतून किरकोळ कामे केलेला, मधल्या काळात मालमोटार हाकलेला हा नट. चित्रपटाच्या आरंभीच्या नामावळीत राक्षसाच्या पुढे त्याचे नाव नाही, नुसते प्रश्नचिन्ह आहे.

या माणसाचा आमच्या मुलखाशी संबंध आहे हे कळल्यावर मी चमकलो. त्याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. बाप हिंदुस्थानात मिठाच्या खात्यात नोकरीला होता. आईची मावशी म्हणजे सयामच्या राजवाड्यात शिक्षिका म्हणून गाजलेली ऍना लिओनोवेन्स. आणि ऍनाचा जन्म १८३१ सालचा, आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या आमच्या नगरचा. बाईंनी जन्मभर आपण वेल्समध्ये जन्मल्याचे सांगितले. नगर आणि आजीचे हिंदी रक्त या दोन्ही गोष्टी त्यांनी आपल्या चरित्रातून कापून टाकल्या होत्या. कार्लॉफ हे नाव आपल्या आईकडच्या रशियन पूर्वजांचे, असे नातूही सांगे. त्यालाही आधार सापडत नाही. हे रक्ताचे नाते शोधून त्याच्या अभिनयाचे श्रेय नगरच्या मातीला द्यावे इतका मी भाबडा नाही. पण आपल्याकडे वळलेल्या नजरा ओळखणे आणि त्यांच्यापुढे आपण काय ठेवायचे हे ठरवणे, याचा सराव त्या घराला दोन पिढ्यांचा होता, एवढे म्हणता येईल.

चित्रपटाचा गाभा एका लहानशा प्रसंगात आहे. अंधाऱ्या खोलीत तो प्राणी पाठमोरा येतो, वळतो, आणि कॅमेरा तीन झेपांत त्याच्या चेहऱ्यापर्यंत जातो. मग निर्माता छतातली झडप उघडतो. वरून उजेड पडतो. प्राणी मान वर करतो, आणि तो उजेड हातांत धरता येईल अशा समजुतीने हळूहळू दोन्ही हात उचलतो. झडप बंद होते. तो निर्मात्याकडे वळून तेच हात पुढे करतो. मी वीस वर्षे मुलांना उजेड आणि सावली काढायला शिकवतो आहे. उजेड मागणारे हात मी यापूर्वी पाहिले नव्हते. त्यानंतर कुबडा नोकर पेटता टेंभा घेऊन धावत येतो. उजेड आणि आग यांतला फरक त्या प्राण्याला कोणी समजावून सांगितलेलाच नाही.

इथेच पटकथेतला एक ढोबळ दोषही सांगितला पाहिजे. नोकराच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते म्हणून तो गुन्हेगाराचा मेंदू चोरून आणतो, असा एक प्रसंग आधी येऊन गेलेला आहे. शेलीच्या कादंबरीत असे काही नाही. म्हणजे चित्रपट एकीकडे सांगतो की हा जन्मतःच बिघडलेला, आणि दुसरीकडे प्रसंगामागून प्रसंगात दाखवतो की याला बिघडवला. व्हेलने ती बरणी ठेवली खरी, पण पुढे तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. पहिल्या महायुद्धात तो अधिकारी होता, जर्मनांच्या कैदेत राहिला, आणि नाटक करायला तो त्या छावणीत शिकला. जोडलेल्या, शिवलेल्या देहांविषयी त्याला पुस्तकापलीकडचे काही माहीत असावे.

आता तळ्याचा प्रसंग. राक्षस पळून रानात जातो. तळ्याकाठी मारिया नावाची एक चिमुरडी एकटी खेळते आहे. ती त्याला भीत नाही. त्याला फूल देते, आणि फुले पाण्यावर कशी तरंगतात ते दाखवते. तोही आपली फुले टाकतो, ती तरंगतात, आणि चित्रपटात पहिल्यांदा आणि शेवटचा तो हसतो. फुले संपतात. हात रिकामे होतात. तो मुलीला उचलतो आणि पाण्यात टाकतो. ती तरंगत नाही. तो भांबावून हात हलवीत, अडखळत झाडीत शिरतो.

हा शेवटचा भाग त्या काळच्या तपासनिसांना सोसला नाही. काही राज्यांत तो आरंभीच कापला गेला, आणि पुढे १९३७ साली चित्रपट पुन्हा दाखवला तेव्हा सगळीकडचाच गेला. राक्षस मुलीकडे हात नेतो, इथे कात्री. पुढे तिचा बाप तिचे कलेवर दोन्ही हातांवर घेऊन लग्नाच्या धामधुमीतून चालत येतो. मधला तुकडा पुन्हा बसवला गेला तो १९८० च्या दशकात. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, ‘शॉक’च्या गठ्ठ्यातून पाहणाऱ्या पोरांसकट, सगळ्यांनी पाहिले ते एवढेच: पुढे आलेला हात, आणि मेलेली मुलगी. मधे काय घडले असेल? पाहणाऱ्याचे मन ती जागा रिकामी ठेवत नाही. आणि तिथे जे भरले जाते ते पाण्यात टाकण्यापेक्षा शतपटीने ओंगळ असते. प्रेक्षकाच्या मनाला धक्का बसू नये म्हणून चालवलेल्या कात्रीने एका अजाण जिवाची चूक हे पाप करून ठेवले.

गंमत अशी की कार्लॉफलाही व्हेलने घेतलेला हा प्रसंग पसंत नव्हता. मुलीला असे उचलून टाकणे त्याला रानटी वाटले, असे त्याने पुढे सांगितले आहे. माझे मत नटाच्या विरुद्ध आहे. टाकण्यातला रानटीपणाच इथे खरा आहे. लहान मूल फुलपाखरू चिरडते ते हळुवारपणे चिरडत नाही.

घरी परतल्यावर मी शब्दकोश जवळ ठेवून दोन महिन्यांत शेलीची मूळ कादंबरी वाचून काढली. तळ्याचा प्रसंग तिच्यात नाही. आहे तो बरोबर उलटा. एक मुलगी पाय घसरून वाहत्या पाण्यात पडते, आणि तो प्राणी उडी घेऊन तिला बाहेर काढतो. तिला सावध करण्याची त्याची धडपड चालू असताना तिच्याबरोबरचा माणूस येतो, आणि जे दिसते तेवढे पाहून गोळी घालतो. व्हेलला हे ठाऊक असले पाहिजे, कारण १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रॅंकेन्स्टाइन’मध्ये त्याने हाच प्रसंग एका धनगराच्या पोरीवर घेतला आहे: पाण्यातून काढलेली पोर शुद्धीवर येऊन किंचाळते, आणि शिकारी गोळ्या झाडतात.

कादंबरीतले ते पान वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ उघडले नाही.

बारा वर्षांपूर्वी मी एका शाळेची सहल घेऊन बंधाऱ्यावर गेलो होतो. आठवीत एक मुलगा होता, एका वर्गात दोनदा बसलेला, अंगाने आडवातिडवा, बोलताना अडखळणारा. पोरे त्याला रेडा म्हणत. शिक्षकांच्या खोलीतही म्हणत. ओरडा ऐकून मी धावलो तेव्हा तो काठावर उभा होता आणि पाचवीतल्या एका पोराला त्याने मानेजवळ धरले होते. दोघेही चिंब. पोरगा गुदमरून रडत होता. मी त्याच्या दोन कानशिलांत दिल्या, सगळ्यांसमोर. तो काहीतरी सांगू पाहत होता. पहिलेच अक्षर त्याच्या तोंडातून सुटेना, आणि मी थांबलो नाही. लहानगाही काही बोलला नाही. पाण्याजवळ जायचे नाही अशी मी सकाळीच ताकीद दिली होती, तिला तो भीत असावा.

खरे काय ते मला दोन वर्षांनी त्याच्या वर्गातल्या एका मुलीने, सहज बोलताना सांगितले. तोवर मुलगा शाळा सोडून गेला होता. आणि तोवर माझी दुसरी कादंबरी छापून झाली होती. तिच्यात एक दांडगा, मुका पोरगा आहे. तो एका लहान मुलाला विहिरीत ढकलतो. परीक्षणांत त्या पात्राची वाखाणणी झाली, त्याच्या क्रौर्याला कारण न देण्यातला माझा संयम विशेष उल्लेखला गेला. तो संयम नव्हता. मला कारण ठाऊकच नव्हते, आणि शोधावेसेही वाटले नव्हते. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मला सारे कळलेले होते. मी काही शब्दांचे शुद्धलेखन सुधारले आणि पुस्तक परत पाठवले.

तो आता जेसीबी चालवतो. रस्त्यात दिसलो की यंत्र थांबवून “नमस्कार सर” म्हणतो. ते दोन शब्द तो न अडखळता म्हणतो. त्यापुढे मी काही बोलत नाही, आणि त्याला कामाची घाई असते.

म्हणून ‘ब्राइड’ हा पहिल्यापेक्षा सरस चित्रपट, असे जाणकारांचे मत असले तरी माझे मन त्याला पुरते कौल देत नाही. कारागिरी त्यात अधिक आहे, विनोद आहे, एल्सा लॅंचेस्टरची वीज झेललेल्या केसांची वधू अविस्मरणीय आहे. आंधळा संन्यासी राक्षसाला घरात घेतो, भाकरी आणि मित्र हे शब्द शिकवतो, तो भाग पाहताना माझा पुतण्याही मोबाईल बाजूला ठेवून बसला होता. पण बोलू लागल्यावर राक्षस आपले दुःख आपल्याला सांगतो, आणि आपण चांगले श्रोते असल्याचे समाधान आपल्याला देतो. पहिल्या चित्रपटात ही सवलत नाही. तिथे तो काहीच सांगू शकत नाही. पाहणाऱ्याने पाहिले तर पाहिले.

येताना मी ती तबकडी बरोबर आणली होती. परवाच्या एका शनिवारी आठवीच्या वर्गात लावली. मुख्याध्यापक आधी म्हणाले होते, “मुलगी बुडते तेवढं पुढं ढकला. पालक विचारतात.” त्यांचेही खरे होते. तळे आले तेव्हा माझे बोट बटणावर होते. पुढे आलेला हात दिसला, आणि मी बोट काढून घेतले. पोरगी पाण्यात पडली. राक्षस झाडीत शिरला. वर्गात कोणी हसले नाही, कोणी ओरडलेही नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला,

“सर, त्याला पोहता येत नव्हतं का?”